इंग्रजीतील सारख्या वाटणाऱ्या शब्दांची गल्लत कशी टाळावी?

प्रश्न

नमस्कार. गेली नऊ वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग इंग्रजीतून अहवाल आणि पत्रे लिहिण्यात जातो. शाळेत व्याकरण कसून शिकवले गेले होते, त्यामुळे काळ, वचन आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ यांत माझी सहसा चूक होत नाही. चुका होतात त्या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या शब्दांत. मागच्या आठवड्यात माझा बारा पानी अहवाल तपासून परत आला, तेव्हा त्यात सात ठिकाणी लाल वर्तुळे होती. त्या सातही ठिकाणी शब्दाचे स्पेलिंग बरोबर होते, पण वरिष्ठांच्या मते तो शब्द तिथला नव्हता. दोन वर्तुळे ‘इट्स’भोवती होती, कारण मी नको तिथे अपॉस्ट्रॉफी दिली होती. दोन ‘इफेक्टेड’भोवती होती. उरलेली तीन ‘सिन्स’, ‘अन्टिल’ आणि ‘लेस’ या शब्दांवर होती. संगणकाने यांपैकी एकाही शब्दाखाली रेघ ओढली नव्हती.

अशा जोड्यांच्या याद्या मी पूर्वी पाठ केल्या आहेत. यादी समोर असली की मला अर्थ अचूक सांगता येतात, पण लिहिण्याच्या ओघात हात पुन्हा जुन्याच सवयीने चालतो. तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे पाठ करण्याऐवजी गल्लत मुळात कुठे होते हे ओळखण्याची काही पद्धत आहे का? आणि मराठीतून विचार करणाऱ्याला यात काही वेगळ्या अडचणी येतात का?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे प्रौढांना इंग्रजी शिकवतो. आपला अनुभव अगदी नेहमीचा आहे आणि याद्या पाठ करून तो बदलत नाही, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे. याद्यांमध्ये सगळ्या जोड्या एकाच रांगेत उभ्या केलेल्या असतात. प्रत्यक्षात त्यांचे दुखणे वेगवेगळे असते, म्हणून उपायही वेगळा लागतो.

माझ्या वर्गात मी एक साधी गोष्ट करायला लावतो. जोडीतील दोन्ही शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पाहायचे. आपल्या लिपीत उच्चार बऱ्यापैकी नेमका उतरतो आणि इंग्रजी स्पेलिंग जे लपवते ते इथे उघडे पडते. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ ही जोडी घ्या. सल्ला हे नाम असेल तर शेवटी ‘स’ आणि सल्ला देणे हे क्रियापद असेल तर शेवटी ‘झ’. उच्चार नीट झाला की स्पेलिंगमधले सी आणि एस आपोआप जागेवर येतात. श्वास म्हणजे ‘ब्रेथ’, श्वास घेणे म्हणजे ‘ब्रीद’. इथे शेवटची ई क्रियापदाकडे आहे. शांत म्हणजे ‘क्वायट’ आणि बराच किंवा अगदी म्हणजे ‘क्वाइट’. या जोड्यांना व्याकरणाची गरजच नाही. कान तयार झाला की काम झाले.

मात्र कानच चुकीचा घडलेला असेल तर काय होते, याचे उत्तम उदाहरण सैलपणा दाखवणाऱ्या शब्दाचे आहे. आपण मराठी बोलताना सदरा ‘लूज’ झाला असे सर्रास म्हणतो. इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द ‘लूस’ असा आहे, त्यात दोन ओ येतात आणि शेवटी स्पष्ट ‘स’ ऐकू येतो. शेवटी ‘झ’ येतो तो हरवणे किंवा गमावणे या अर्थाच्या शब्दात, आणि त्यात ओ एकच असतो. आपल्या तोंडी दोघांचा उच्चार एक झाल्यामुळे लिहिताना कोणता ओ कुठे द्यायचा हे कळेनासे होते. माझ्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर जाणीवपूर्वक ‘लूस’ म्हणायचा सराव केला की ही चूक निघून जाते, आणि ती सहसा परत येत नाही.

आता दुसरा प्रकार. काही जोड्या देवनागरीत लिहिल्या तरी तशाच्या तशा राहतात. ‘देअर’चे तिन्ही अर्थ, म्हणजे तिथे, त्यांचा आणि ते आहेत, एकाच उच्चारात सामावलेले आहेत. तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ आणि मुख्य या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ हेही तसेच. इथे कान काहीच मदत करू शकत नाही आणि म्हणून जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसेसुद्धा नेमक्या याच ठिकाणी अडखळतात. तिथे एकच प्रश्न विचारावा लागतो: हा शब्द वाक्यात कोणते काम करतो आहे? तत्त्ववाचक शब्द नेहमी नामच असतो आणि त्याच्या शेवटी एल-ई येते. दुसरा शब्द ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’ यांच्यासारखा ए-एलने संपतो आणि त्यांच्यासारखाच मुळात विशेषण आहे. मुख्याध्यापक आणि कर्जातील मुद्दल या दोन्ही अर्थांत तो नाम झालेला दिसला, तरी आत ‘मुख्य’ हाच भाव आहे. तो भाव पकडला की दोन्ही अर्थ वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

आपल्या सात वर्तुळांपैकी ‘इट्स’ या दुसऱ्या प्रकारात येते. ‘इफेक्टेड’ दोन्हींच्या सीमेवर आहे, कारण ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांतील पहिला स्वर सावकाश बोलताना वेगळा असला तरी घाईत तो इतका पुसट होतो की त्याच्यावर विसंबता येत नाही. उरलेल्या तीन चुका मात्र मला उच्चाराच्या किंवा स्पेलिंगच्या वाटत नाहीत. त्यांच्याविषयी भाषांतराचे काम करणाऱ्या कुणी लिहिले तर बरे होईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद मला पटतो. त्यात भाषेच्या इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण गल्लत का होते हे कळले की ती लक्षात ठेवणे सोपे जाते.

‘इट्स’ची चूक हे अज्ञान नसून एक तर्क आहे. मराठीत नामालाही ‘चा’ लागतो आणि सर्वनामालाही ‘चा’च लागतो: घराचा, त्याचा. इंग्रजीत नामाचा मालकी हक्क दाखवायला अपॉस्ट्रॉफी आणि एस लागतात, तेव्हा सर्वनामालाही तेच लागेल असे मनाने धरणे स्वाभाविक आहे. परंतु इंग्रजी सर्वनामे या बाबतीत वेगळी वागतात. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांपैकी एकातही अपॉस्ट्रॉफी नाही आणि ‘इट्स’ त्याच घरातला आहे. ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी दिसली तर तिचा अर्थ एकच: तिथून एक अक्षर किंवा काही अक्षरे गळाली आहेत. म्हणून ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे पूर्ण रूप घालून वाक्य मोठ्याने वाचावे. वाक्य उभे राहिले तर अपॉस्ट्रॉफी ठेवावी, कोसळले तर काढून टाकावी. या जोडीसाठी माझ्या मते दुसऱ्या कोणत्याही युक्तीची आवश्यकता नाही.

हा नियम फार प्राचीन आहे असेही नाही. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी सर्वनामाचे मालकीदर्शक रूप ‘हिज’ हेच होते, आणि १६११ साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी अनुवादातही वस्तूंसाठी ते तसे वापरलेले दिसते. ‘इट्स’ हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले आणि पुढची दोनशे वर्षे अनेक जाणकार लेखक ते अपॉस्ट्रॉफी देऊनच लिहीत होते. आज जी चूक मानली जाते ती एके काळी छापील पुस्तकांत राजरोस होती. त्यामुळे आपल्या अहवालातल्या त्या दोन वर्तुळांचे आपण फार मनाला लावून घेऊ नये.

आपण विचारलेल्या नसल्या तरी ‘लाय’ आणि ‘ले’ या जोडीविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. ती इंग्रजीतील सर्वांत बिकट जोड्यांपैकी मानली जाते आणि मराठी माणसाला ती सर्वांत सोपी असायला हवी. मराठीत निजणे आणि निजवणे, बसणे आणि बसवणे, उठणे आणि उठवणे, पडणे आणि पाडणे अशा जोड्या आपण दिवसभर वापरतो. पहिले क्रियापद स्वतः करण्याचे, दुसरे दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्यावर घडवण्याचे. व्याकरणात त्याला आपण प्रयोजक म्हणतो. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातील आहे त्या कुळातही एके काळी अशी प्रयोजक रूपे नियमाने तयार होत असत. पुढे तो नियम मरून गेला, पण त्याचे काही अवशेष उरले. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘राइझ’ म्हणजे उठणे किंवा वाढणे आणि ‘रेझ’ म्हणजे उठवणे किंवा वाढवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड पाडण्यासाठी इंग्रजीत आजही ‘फेल’ असे वेगळे क्रियापद आहे. ‘लाय’ आणि ‘ले’ ही त्याच माळेतील जोडी: आडवे होणे आणि आडवे ठेवणे. वाक्यात कर्म असेल तर ‘ले’, नसेल तर ‘लाय’.

खरी अडचण भूतकाळात येते, कारण ‘लाय’चा भूतकाळ नेमका ‘ले’ असाच होतो. ‘लाय’, ‘ले’, ‘लेन’ ही एक रांग आणि ‘ले’, ‘लेड’, ‘लेड’ ही दुसरी. काल मी दिवसभर अंथरुणावर पडून होतो असे म्हणायचे असेल तर ‘ले’ म्हणावे लागते, आणि पुस्तक टेबलावर ठेवले असे म्हणायचे असेल तर ‘लेड’. एवढे एकदा हाताने लिहून काढले की पुरते. खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ या कुळातला नाही आणि त्याचा भूतकाळ नियमित, म्हणजे ‘लाइड’ असा होतो.

प्रतिसाद ३

मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे आपल्या शेवटच्या तीन वर्तुळांविषयी लिहिते. पहिल्या प्रतिसादात म्हटले आहे ते योग्यच आहे: या चुका ना कानाच्या आहेत ना स्पेलिंगच्या. ज्या ठिकाणी मराठी एका शब्दावर भागवते आणि इंग्रजी दोन शब्द मागते, त्या ठिकाणी त्या होतात. आपण अर्थ मराठीत पक्का करतो, मग त्या शब्दाचा जो इंग्रजी प्रतिशब्द आधी आठवतो तो लिहून मोकळे होतो.

‘सिन्स’चेच पाहा. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ असेही म्हणतो. मराठीच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी ‘पासून’च आहे. इंग्रजी मात्र इथे थांबून विचारते की, तुम्ही आरंभाचा बिंदू सांगत आहात की कालावधीची लांबी? सोमवार हा बिंदू आहे, तिथे ‘सिन्स’. दोन वर्षे ही लांबी आहे, तिथे ‘फॉर’. आपल्या अहवालात बहुधा ‘सिन्स टू इयर्स’ असे काहीतरी असावे. मराठीत ‘गेली दोन वर्षे’ अशी रचनाही आहे आणि आपण आपल्या प्रश्नाची सुरुवात ‘गेली नऊ वर्षे’ अशीच केली आहे, याकडे माझे लक्ष गेले. इंग्रजी लिहिण्यापूर्वी मनातील ‘पासून’ काढून ‘गेली’ घालून पाहावे. घालता आले तर ‘फॉर’ लिहावे. शिवाय या रचनेत क्रियापदही बदलावे लागते. ‘दोन वर्षांपासून शिकत आहे’ यातील ‘आहे’ पाहून आपण साधा अपूर्ण वर्तमानकाळ लिहितो, पण भूतकाळात सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असलेल्या क्रियेसाठी इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागते.

‘अन्टिल’चे दुखणे याच जातीचे, पण ते अधिक नाजूक आहे, कारण त्यातून नुसती भाषेची चूक होत नाही, तर निरोपच बदलतो. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत कागद द्या’ या दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ आहे. थांबणे ही शुक्रवार येईपर्यंत सतत चालणारी क्रिया आहे, तिथे ‘अन्टिल’ शोभते. कागद देणे ही एकदाच घडणारी गोष्ट आहे आणि शुक्रवार ही तिची मुदत आहे, तिथे ‘बाय’ हवे. मुदतीच्या जागी ‘अन्टिल’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटू शकते की शुक्रवारपर्यंत रोज काही ना काही पाठवत राहायचे आहे. मी स्वतः लिहिताना क्रियापदापाशी थांबून विचारते की, हे काम सुरूच राहणार आहे की एकदा होऊन संपणार आहे. उत्तर मिळायला क्षणभरही लागत नाही.

‘लेस’ हा ‘कमी’चा प्रश्न आहे. मराठीत माणसेही कमी असतात आणि पाणीही कमी असते. इंग्रजीचा शिष्टसंमत नियम असा की, मोजता येणाऱ्या अनेकवचनी गोष्टींना ‘फ्यूअर’ लावावे आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’. म्हणून तक्रारी कमी झाल्या तर ‘फ्यूअर’, त्रास कमी झाला तर ‘लेस’. मात्र अंतर, काळ आणि रक्कम यांना आकडा लागला तरी त्या सलग राशी मानल्या जातात. दहा किलोमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर तिथे ‘लेस’ हेच स्वाभाविक आहे. तिथे कुणी एकेक किलोमीटर वेगळा मोजत नसतो.

अशी आणखी कितीतरी ठिकाणे आहेत. आपण ‘सावली’ म्हणतो. इंग्रजीत उन्हापासून आडोसा देणारी सावली ‘शेड’ आणि माणसामागे जमिनीवर उमटणारी आकृती ‘शॅडो’. ‘ऐकणे’चे ‘हिअर’ आणि ‘लिसन’ होतात: कानावर पडणे वेगळे आणि कान देऊन ऐकणे वेगळे. गंमत म्हणजे मराठीत हा फरक दाखवायला शब्दप्रयोग आहेत, आपण फक्त ते घाईत वापरत नाही. माझ्या अनुभवात आपली अशी दहाबारा मराठी ठिकाणे ओळखून ठेवणे हे शंभर इंग्रजी जोड्या पाठ करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते.

प्रतिसाद ४

वरील तिन्ही प्रतिसाद मौल्यवान आहेत. ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ यांच्या नियमाविषयी मात्र एक सांगणे आवश्यक वाटते. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’ वापरण्याची चाल इंग्रजीत अगदी जुन्या काळापासून आहे. १७७० साली रॉबर्ट बेकर या लेखकाने अशा ठिकाणी ‘फ्यूअर’ आपल्याला अधिक बरे वाटते असे मत मांडले, आणि त्या मताचा पुढे कडक नियम झाला. औपचारिक अहवालात तो पाळावाच, कारण वाचणाऱ्याची तशी अपेक्षा असते. पण ही चूक आणि ‘अन्टिल’ची चूक एकाच तागडीत तोलू नये. एकीने फार तर वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, दुसरीने काम चुकते. तपासायला वेळ थोडा असेल तर आधी अर्थ बदलणाऱ्या चुका शोधाव्यात.

संगणकाविषयी म्हणायचे तर साधा शुद्धलेखन-तपासक शब्द त्याच्या कोशात आहे की नाही एवढेच पाहतो. ‘देन’ आणि ‘दॅन’ दोन्ही कोशात आहेत, म्हणून तो गप्प बसतो. मराठीतही ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील एकाऐवजी दुसरा पडला तर कोश तक्रार करणार नाही, पण दिवसाचा गरीब होईल आणि मुलाचा धागा. त्यामुळे स्वतःच्या नेहमीच्या चुकांचे सातआठ शब्द कागदावर लिहून ठेवावेत आणि मजकूर पूर्ण झाल्यावर शोधण्याची सोय वापरून त्यांतील प्रत्येक शब्द एकेक करून पाहावा. बारा पानांना दहा मिनिटे पुरतात. लिहिण्याच्या ओघात सावध राहण्याचा प्रयत्न करू नये. त्याने लेखन अडखळते आणि चुका तरीही राहतातच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी अहवाल पुन्हा काढून बसले. ‘इट इज’ घालून वाचल्यावर दोन्ही अपॉस्ट्रॉफी लगेच गळून पडल्या. ‘सिन्स’च्या जागी ‘गेली तीन वर्षे’ अगदी बेमालूम बसले, म्हणून तिथे ‘फॉर’ केले आणि क्रियापदही बदलले. ‘अन्टिल’ खरोखरच मुदतीच्या जागी पडले होते आणि त्या वाक्यावरून एका सहकाऱ्याने मला मागे एकदा नक्की कधी पाठवायचे असे विचारले होते, ते आता आठवले. ‘लेस’ त्रुटींच्या संख्येला लावले होते, तिथे ‘फ्यूअर’ केले.

‘इफेक्टेड’चे कोडे मात्र पूर्ण सुटलेले नाही. एका वाक्यात मला विलंबाचा वेळापत्रकावर परिणाम झाला असे म्हणायचे होते. दुसऱ्यात नव्या पद्धतीने कामकाजात अनेक बदल घडवून आणले असे म्हणायचे होते. दोन्ही ठिकाणी मी ‘इफेक्टेड’ लिहिले आणि दोन्ही ठिकाणी वर्तुळ आले. ‘इफेक्ट’ हे नाम आणि ‘अफेक्ट’ हे क्रियापद असे मी शिकले आहे, तेव्हा दोन्हीकडे ‘अफेक्टेड’ करावे का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे उत्तर

नाही, दुसऱ्या वाक्यात बदल करू नये. आपण शिकलात तो नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो, पण ‘इफेक्ट’ हे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ नेमका आपल्याला हवा तोच, घडवून आणणे, असा आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधील करणे या अर्थाचे एकच क्रियापद आहे. एकाला ‘कडे’ या अर्थाचा उपसर्ग लागला आहे, म्हणून ‘अफेक्ट’ म्हणजे आधीच असलेल्या गोष्टीवर काही करणे. दुसऱ्याला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागला आहे, म्हणून ‘इफेक्ट’ म्हणजे नसलेली गोष्ट करून बाहेर आणणे. वेळापत्रक आधीच होते, विलंबाने त्याला धक्का दिला; तिथे ‘अफेक्टेड’ हवे आणि ते वर्तुळ योग्य आहे. बदल आधी नव्हते, नव्या पद्धतीने ते अस्तित्वात आणले. तिथे आपले ‘इफेक्टेड’ बिनचूक आहे. तिथे ‘अफेक्टेड’ केले तर बदल आधीच चालू होते आणि नव्या पद्धतीने त्यांच्यात ढवळाढवळ केली असा अर्थ होईल.

मानसशास्त्रात भावस्थिती या अर्थाने ‘ॲफेक्ट’ हे नामही आहे, त्यात आघात पहिल्या अक्षरावर येतो. पण आपल्या अहवालांत ते येण्याचा संभव कमीच. वरिष्ठांना हे वाक्य दाखवताना ‘इफेक्टेड’च्या जागी ‘ब्रॉट अबाउट’ घालून वाचून दाखवावे. अर्थ तसाच राहतो हे त्यांना लगेच दिसेल. सातांपैकी ते एक वर्तुळ त्यांनी पुसायला हरकत नाही.